चंदरअण्णांचा भाचा

जेल रोड, नाशिक रोड
१६ नोव्हेंबर, रविवार

ती. लताताईस,
धाकट्या भावाचा जयभीम. दाजींनाही सांग.

तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? मनमाडला पाणी हल्ली किती दिवसांनी येतं? (हे तिन्ही प्रश्न मी खरोखर विचारतो आहे, रीत म्हणून नाही. तुझ्या सुयशला विचारलं की तो तिन्हींचं मिळून ‘सगळं ओके’ एवढंच सांगतो.) माझी प्रकृती बरी आहे. जेवतो. झोप लागते. भाजी मीच करतो आणि ती मला खाता येते, यापेक्षा जास्त तिच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मंजुषाचं नाव निघालं की तू रडतेस, मग मला तुझी समजूत काढावी लागते आणि मूळ विषय राहून जातो. ती गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत मी खूप लोकांची समजूत काढली. सगळे माझी समजूत काढायलाच आले होते. शेजारचे बहिरूभाऊ तिच्या आठवणीने इतके हलले की मी त्यांना दोनदा पाणी दिलं आणि हाताला धरून त्यांच्या फाटकापर्यंत सोडून आलो. जाताना त्यांनी मला धीर धरायला सांगितलं. पत्राची एक सोय आहे, तू रडलीस तरी मला दिसणार नाही आणि माझं वाक्य पुरं होईल.

आता विषयाला येतो. माझं मन रमावं म्हणून तुम्ही सर्वांनी जे प्रयत्न केले त्यांबद्दल मी आभारी आहे. ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याने शब्दकोड्यांचं पुस्तक दिलं (निम्मी कोडी त्याने आधीच सोडवलेली आहेत, आणि चुकीची). कोणी हास्यक्लबाचा फॉर्म आणून दिला. तू राजगिऱ्याचे लाडू पाठवलेस आणि लाडवांबरोबर निरोप पाठवलास की मंजुषाचं शिलाई मशीन गंजेल, आमच्या बचत गटाला देऊन टाक. मी ‘पाहू’ म्हणालो. आपल्या घरात ‘पाहू’चा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे, आईचाच शब्द आहे. तिच्या जलदानविधीच्या दिवशी, लोक अजून पंगतीत बसलेले असताना, तू मला वरची खोली भाड्याने द्यायला सांगितलीस, तेव्हाही मी ‘पाहू’ म्हणालो होतो. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वरच्या खोलीला कुलूप लावलं. मशीन, तिची पेटी, कपडे, सगळं आत आहे. किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

मन रमवण्याच्या बाबतीत मात्र तुझ्या चिरंजीवाने सगळ्यांवर कडी केली. त्याने मला एक परदेशी माणूस दिला.

झालं असं. सुयशच्या सिन्नरच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ती चालवून दाखवायला चेक देशातून टोमास नावाचा इंजिनियर दोन वर्षांसाठी आला. कंपनीच्या एजंटने त्याला नुसते टॉवर दाखवले, आणि याला हवं होतं जुनं शहर. परदेशात जाऊन राहणाऱ्या माणसाने जुन्या शहरातला कोणता भाग निवडावा, यावर त्याने इंटरनेटवरून तेरा मुद्दे उतरवून घेतले होते. पायी फिरता येतं का, आवाज किती, झाडं किती, शेजारी कसे, पाव कुठे मिळतो. त्याचे तेरा रकाने आखून दर घराला प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. सुयश म्हणाला, “मामा, तुम्हाला सगळं नाशिक माहितीये आणि तुम्ही तसेही रिकामेच आहात.” बायको गेलेल्या माणसाला रिकामा म्हणतात हे मला नवीन होतं. पण खरी गोष्ट त्याने शेवटी सांगितली. कंपनीचं गेस्ट हाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंतच होतं. तोवर घर मिळालं नाही तर तुमची वरची खोली आहेच की, आईपण तेच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी बूट घालून तयार होतो. मामा कसे उत्साहाने फिरतात हे सुयशने तुला कळवलं असेल. उत्साह नव्हता. खोलीचं कुलूप तसंच राहावं म्हणून मी त्या माणसाला अख्खं नाशिक दाखवायला तयार होतो, लागलं तर घोटीपर्यंत.

टोमास माणूस चांगला आहे. उंची इतकी की जुन्या नाशकात त्याला प्रत्येक दारात नमस्कार केल्यासारखं वाकावं लागतं, आणि लोकांना वाटतं काय संस्कार आहेत. घरात जाताना चपला काढायच्या हे त्याला कोणीतरी पक्कं शिकवलं आहे. तो बँकेतही काढतो. त्याचं इंग्रजी सावकाश आणि माझं पाटबंधारे खात्यातलं. पस्तीस वर्षं मी इंग्रजी फक्त फायलीत लिहिलं, बोलायची वेळ आली नाही. त्यामुळे सदर न्हाणीघर अवलोकनार्थ सादर आहे, अभिप्राय कळवावा, अशा थाटाचं इंग्रजी मी त्याच्याशी बोलतो. त्याला ते फार सभ्य वाटतं. तो अभिप्राय कळवतो.

पहिल्यांदा गंगापूर रोडच्या बाजूला गेलो. सिंहस्थ पुढच्या वर्षावर आल्यामुळे सगळं शहर खणून ठेवलं आहे, रिक्षा कुठून कुठे गेली ते रिक्षावाल्यालाही सांगता आलं नसतं. इमारतीचं नाव व्हिएन्ना. फाटकावरच्या वॉचमनने टोमासला सलाम ठोकून आत सोडलं आणि मला थांबवून रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव, कोणाकडे, कशासाठी. ज्याला घर हवं होतं तो वर पोचला आणि ज्याला नको होतं तो खाली आडनाव लिहीत होता. (आडनाव वाचून वॉचमन म्हणाला, “जयभीम काका, माफ करा, सेक्रेटरी ओरडतो.” तो सुरगाण्याकडचा भला पोरगा होता. त्याच्या नोकरीला धक्का नको म्हणून मी गावही लिहिलं.) वर सेक्रेटरी टोमासला समजावून सांगत होते की इथे तुम्हाला अगदी युरोपात राहिल्यासारखं वाटेल. टोमासचं गाव खऱ्या व्हिएन्नापासून गाडीने दोन तास. त्याने मला हळूच विचारलं की व्हिएन्नात राहायचं असतं तर तो इतक्या लांब कशाला आला असता. एकशेतीसपैकी एकेचाळीस गुण.

मग पंचवटी. तिथे नदीजवळ एक बरी जागा होती, पण मालकाला ती सिंहस्थाच्या आधी रिकामी करून हवी होती, कारण त्या काळात एकेका खोलीत तो वीस यात्रेकरू झोपवणार होता. टोमासला वाटलं आपलंच काही चुकलं. परत येताना रामकुंडावर तो बराच वेळ उभा राहिला. डोकं भादरलेले लोक, हातात मडकी. त्याने विचारलं ते कोण. मी सांगितलं की देशभरातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी इथे घेऊन येतात. त्याने विचारलं, तुझ्या पत्नीच्याही इथेच का? सुयशने त्याला सांगून ठेवलं असावं. मी म्हणालो, नाही, आम्ही तसं केलं नाही, दारात खड्डा करून त्यात ठेवल्या आणि वर झाड लावलं. त्याने कोणतं झाड एवढंच विचारलं. सीताफळाचं इंग्रजी मला आठवलं नाही, म्हणून मी हाताने आकार दाखवला. त्याने मान डोलावली. तो काय समजला माहीत नाही, पण त्याने माझी समजूत काढली नाही. पाच महिन्यांत असं करणारा तो पहिलाच.

अशी नऊ घरं झाली. ऑक्टोबरची सत्तावीस तारीख आली. आणि मग टोमासने आपल्या मोबाइलवर मला दहावं घर दाखवलं. जुन्या नाशकातलं, नदीच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर लांबट गॅलरी, तीन उंच खिडक्या. पत्ता वाचायची गरज नव्हती.

हे घर तुला ऐकून माहीत आहे, पण पुरतं कधी सांगितलं नाही. १९९९ साली आम्ही भाड्याच्या एका खोलीत होतो आणि मंजुषाला असं घर हवं होतं की जिथे कपडे वाळत घालताना नदी दिसेल. घोटीकडची मुलगी, दारणेच्या पाण्यावर वाढलेली. ऑफिसातल्या एकाने हे घर सुचवलं. मालक चंदरअण्णा. सरकारी नोकर, दोघंच जण, उत्तम, असं ते म्हणाले. चहा दिला. मी नाव भूषण सांगितलं होतं आणि खातं पाटबंधारे, एवढ्यावर काम झालं. फक्त म्हणाले, पश्चिमेचं ऊन फार येतं, पडदे मात्र तुमचे तुम्ही लावा. मंजुषाने पर्समधून टेप काढली (ती नेहमी जवळ असायची) आणि तिन्ही खिडक्या मापल्या, साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद. तिथून आम्ही घरी न जाता सरळ मेन रोडला गेलो आणि तिने चौदा मीटर कापड घेतलं. मोरपंखी रंगाचं, बारीक पांढरी फुलं असलेलं. करार तिसऱ्या दिवशी होता.

आपल्या माणसांनी हीच चूक कधी करू नये, ताई. कागदावर आडनाव लिहून होईपर्यंत पडद्याचं कापड घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी मी करारावर पूर्ण नाव लिहिलं. चंदरअण्णांनी चष्मा लावला, वाचलं, गाव विचारलं, चष्मा काढला. मग म्हणाले, “अरे हो, माझा भाचा येतोय की नाशकात राहायला. विसरलोच होतो बघा.” त्यानंतर आम्ही आणखी सहा घरं पाहिली. दोन ठिकाणी मटण-मच्छीचं कारण निघालं (मंजुषाने इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना कोर्सनंतर अंडंसुद्धा सोडलं होतं, पण ते कोणी विचारलं नाही). बाकी सगळीकडे भाचा, पुतण्या, मेव्हणा. त्या वर्षी नाशकात इतके भाचे यायचे होते की रेल्वेने जादा गाड्या सोडायला हव्या होत्या. शेवटी आम्ही जेल रोडला आपल्या माणसांच्या सोसायटीत हे घर बांधलं. तिच्यासाठी वर खोली काढली, मशीनला उजेड यावा म्हणून मोठी खिडकी ठेवली. खिडकीतून नदी नाही, तुरुंगाची भिंत दिसते. मी ओशाळलो होतो. ती म्हणाली, “असू द्या हो. भिंतीला पूर तरी येत नाही.” कापड मात्र तिने कापलं नाही. आपल्या खिडक्या बुटक्या, त्यासाठी ते कापायला तिला जिवावर आलं. पेटीत ठेवून दिलं.

पण पुलावरून जाताना दर वेळी ती त्या गॅलरीकडे बघायची आणि मला विचारायची, “आला का हो भाचा?” मी म्हणायचो, गाडी लेट आहे. सव्वीस वर्षं. शेवटच्या आजारात तपासणीला जाताना रिक्षातून तिने विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. आमच्या संसारात विनोद म्हणावा असा तो एकच होता.

तर त्या घरी मी टोमासला घेऊन गेलो.

चंदरअण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी मला ओळखलं नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, कबूल करतो. ज्या माणसाचं नाव आपण सव्वीस वर्षं दर आठवड्याला काढतो त्याला आपण आठवूही नये. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही ड्रायव्हर का?” मी म्हणालो, नाही, बरोबर आलोय. मग बसा की, म्हणाले. चहा आला. टोमासचं आडनाव मला अजून म्हणता येत नाही, आणि अण्णांना ते विचारावंसंही वाटलं नाही. खाण्याचं विचारलं नाही. त्यानेच आपणहून सांगितलं की तो सगळं खातो आणि डुक्कर त्याला विशेष आवडतं. मी जसंच्या तसं भाषांतर केलं, जरा मोठ्यानेच केलं. अण्णा कौतुकाने हसले. “त्यांच्याकडे थंडी असते हो,” म्हणाले.

टोमास घर बघून खुळावला. भिंतीवर हात फिरवून दगड बघितला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, कागदावर भराभर आठ, नऊ, दहा असे आकडे टाकू लागला. मग खिडक्या मापायला त्याने टेप काढली. ती उघडायच्या आधीच मी साडेसहा बाय चार असं सांगितलं. त्याने मापून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. सरकारी अनुभव, असं मी म्हणालो.

तेवढ्यात अण्णा खुर्चीत पुढे सरकले आणि मला म्हणाले, “साहेबांना सांगा, ही जागा मी कोणालाही दिली नाही. इतकी वर्षं लोक येतात, पण माणसं बघून द्यावी लागते. आजूबाजूला सगळी आपलीच माणसं आहेत, साहेबांना काही त्रास होणार नाही.”

टोमास माझ्याकडे बघत होता. आलेल्या मजकुरात आपलं काही न घालता पुढे पाठवायचं, हे काम मी पस्तीस वर्षं केलं. एकदाही शेरा आला नाही. त्या दिवशी मी टोमासला इंग्रजीत म्हणालो, सदर गृहस्थ दिलगीर आहेत, ही जागा त्यांच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली असून तो येण्याच्या मार्गावर आहे.

टोमासचा चेहरा पडला. भाचा कधी येतोय, त्याने विचारलं. मी म्हणालो, कोणत्याही दिवशी. अण्णांनी मला विचारलं, काय म्हणतात साहेब? मी म्हणालो, साहेब म्हणतात, पाहू. अण्णा घाबरले. आत जाऊन त्यांनी वीतभर लांबीची लोखंडी किल्ली आणली आणि टोमासच्या हातावर ठेवली, आजच घ्या म्हणावं. हे काय, टोमासने मला विचारलं. मी म्हणालो, भाच्याची किल्ली आहे, तुम्हाला दाखवतायत. टोमासने ती दोन्ही बाजूंनी नीट बघितली, फार सुंदर आहे असं म्हणाला आणि दोन्ही हातांनी परत दिली. अण्णांना वाटलं साहेबांना जुनं कुलूप आवडलं नाही. नवीन बसवून देतो, खिडक्यांना रंग देतो, असं एकेक ते कबूल करत गेले आणि मी एकेकाचं भाषांतर भाचा किती गुणी आहे असं करत गेलो. ताई, मी आयुष्यात इतकं कधी बोललो नव्हतो.

उतरताना जिन्यात अण्णांची नात उभी होती. तेजल, कॉलेजात आहे. तिने दारामागून सगळं ऐकलं होतं आणि तिला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं. टोमास खाली पोचल्यावर तिने मला विचारलं, “काका, कोणता भाचा?” मी म्हणालो, नव्याण्णव साली यायचा होता तो.  मग म्हणाली, “मी लहान असताना मला वाटायचं की आपल्याला खरंच एक काका आहे आणि तो राहायला येणार आहे. आजोबा सगळ्यांना सांगायचे ना. मी एकदा आजीला त्याचं नावसुद्धा विचारलं होतं.” नाव काय सांगितलं, मी विचारलं. “आजी म्हणाली, गप्प बस.”

घरी आलो, दार उघडलं आणि तोंडातून ‘अगं’ निघालं. पुढचं वाक्य तयार होतं. सव्वीस वर्षांनी तो विनोद पुरा झाला होता आणि तो ज्या एकाच माणसाला कळला असता ते माणूस घरात नव्हतं. याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग चहा गाळताना लक्षात आलं की महिना संपायला चार दिवस आहेत, आणि टोमासला पसंत पडलेलं एकमेव घर मी माझ्या हाताने घालवलं आहे. म्हणजे आता वरची खोली. ज्यासाठी महिनाभर शहर पालथं घातलं तेच मी पाच मिनिटांत गमावलं, तेही एका म्हाताऱ्याला घाबरवण्याच्या आनंदासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुयशचा फोन आला. अण्णांनी जाहिरातीतल्या एजंटला आणि एजंटने कंपनीत विचारलं होतं की साहेब रागावले का. सुयश म्हणाला, “मामा, तुमचा भाचा मी. मग हा दुसरा कोण काढलात?” तो हसत नव्हता.  दुपारी टोमास स्वतः आला. फाटकातच बूट काढून सीताफळापाशी बसला आणि सरळ विचारलं, भाचा आहे का. मी नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं, माझ्या इंग्रजीत. अर्जदार सर्व दृष्टीने पात्र असूनही नाव वाचल्यानंतर त्याचा विचार करण्यात आला नाही, असं काहीतरी. कापडाचंही सांगितलं.

 मग त्याने खिशातून तो कागद काढला आणि म्हणाला की त्याच्या तेरा रकान्यांत यासाठी जागा नाही. त्याने पट्टीशिवाय, पण सरळ रेघ मारून चौदावा रकाना आखला आणि त्या घरापुढे शून्य लिहिलं. पुन्हा बेरीज केली. चौदाव्या रकान्यात शून्य घालूनही ते घर पहिलंच आलं. त्याने कागद माझ्यापुढे धरला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. आणि त्याला घर खरोखर हवं होतं, तेही दिसत होतं. त्याने विचारलं, घेऊ का? तू नको म्हणालास तर घेणार नाही.

नको म्हणालो असतो तर त्याला वर घ्यावं लागलं असतं. मी घे म्हणालो.

एक नोव्हेंबरला तो तिथे राहायला गेला. गेल्या रविवारी त्याने मला चहाला बोलावलं. मी त्या गॅलरीत बसलो. नदी दिसते का, हे तू विचारशील. दिसते. पलीकडे सिंहस्थाचं खोदकाम चाललंय, तरीही चांगली दिसते. दिसली नसती तर बरं झालं असतं, मी तशीच आशा धरून गेलो होतो. खाली अण्णा खुर्ची टाकून बसले होते. मला बघून म्हणाले, साहेबांचं तुमच्याशी चांगलं जमतं, येत चला. सव्वीस वर्षांत मला त्या घराचं मिळालेलं हे पहिलं आमंत्रण, तेही दुसऱ्याच्या जिवावर.

बाकी सगळं ठीक आहे. थंडी सुरू झाली. दाजींना मफलर घालायला सांग. आता थांबतो, पान संपत आलं आहे आणि लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. राजगिऱ्याचे लाडू फार कडक झाले होते. तेव्हा चांगले म्हणालो, कारण तू रडत होतीस.

ता. क. दुसरा. मशीन बचत गटाला दे. पण आधी एक काम आहे, त्यासाठी हे सगळं पत्र. टोमासच्या तिन्ही खिडक्यांना पडदे नाहीत, ऊन थेट आत येतं आणि त्याने वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. अण्णा कुरकुरतात, पण पडदे लावून देत नाहीत, त्यांचा नियम जुनाच आहे. टोमासने मला विचारलं की ते कापड अजून आहे का. मी पाहू म्हणालो. मग दोनदा किल्ली घेऊन जिन्यापर्यंत गेलो आणि परत येऊन ती तांदळात ठेवली. माझ्याने ते कुलूप निघत नाही, ताई. तू शनिवारी ये. कुलूप तू काढ, मी मागे उभा राहीन. कापड पेटीत तळाशी डाव्या हाताला आहे. मंजुषाच्या मशीनवर तुझा हात बसलेला आहे, तिथेच बसून शिव. माप साडेसहा बाय चार, वर दुमडायला चार बोटं जास्त धर, ती तसंच करायची. रडलीस तरी चालेल.

ता. क. तिसरा. सुयशला रविवारी सकाळी दहा वाजता शिडी घेऊन अण्णांच्या घरी यायला सांग, पडदे तोच लावील. मी तेजलकडून अण्णांना निरोप पाठवला आहे की भाचा येतोय.